देवी ‘अवं’ म्हणाली

मुक्ताबाईनं उभ्या जन्मात शुद्धीवर असताना नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या ऑफिसात बाबूनं विचारलं तेव्हा पदर सावरत ती म्हणाली, “रावनाचा धाकला भाऊ.” बाबू आधी वैतागला, मग हसला, आणि मग त्यानं कार्डावर लिहिलं, बिभीषण. घरात ती त्याला ‘अवं’ म्हणायची, चारचौघांत ‘शिवमचे पप्पा’ म्हणायची, आणि मनात काय म्हणायची ते तिचं तिला ठाऊक.

पण महिन्यातून एकदोनदा, मंगळवारी, तिच्या अंगात देवी यायची. मग हीच मुक्ताबाई केस मोकळे सोडून, मळवट भरून पाटावर उभी राहायची आणि गल्लीला ऐकू जाईल अशी गरजायची, “बिभीषणा! ये म्होरं!” आणि पडेगावच्या त्या गल्लीतला सगळ्यात आडदांड माणूस, छावणीच्या बाजारात बोकडाचा सौदा करताना ज्याच्यापुढं कुणी आवाज चढवत नसे असा माणूस, गुडघ्यावर येऊन हात जोडायचा.

देवी खरी असल्याचा एवढा एकच पुरावा त्याला होता आणि तेवढा त्याला पुरला. बायको नवऱ्याचं नाव घेत नसते. ज्या अर्थी घेतलं, त्या अर्थी ती बायको नव्हे.

आता बिभीषणाचा हात काय चीज होती, ते सांगायला हवं. वाढलेला बोकड तो एका हातानं टेम्पोत टाकायचा. घराणं मेंढरांमागं फिरणारं. आज्याच्या वेळी रान गेलं, बापाच्या वेळी कळप गेला आणि शहराच्या कडेला येऊन बिभीषण बकऱ्यांचा व्यापारी झाला. कळप गेला तरी काठी मात्र घरात राहिली. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्यानं मुक्ताबाईच्या पहिल्यांदा कानाखाली मारली, ती चहा निवला म्हणून. पहिल्या वर्षी तिचे दोन दात पडले. दुसऱ्या वर्षी डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली, ती तशीच राहिली.

माणूस जनावराचा माणूस झाला, तो ज्या कशामुळं झाला म्हणून सांगतात, ते सगळं त्या गल्लीत हजर होतं. कायदा चौकात खुर्ची टाकून बसला होता. शाळा होती, तिच्या भिंतीवर सुविचार होता. शेजारी होते, ते भिंतीला कान लावून होते. भजनी मंडळ होतं आणि त्यात बिभीषण स्वतः टाळ वाजवायचा. यातल्या एकानंही तो हात कधी धरला नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरवर बायका मुक्ताबाईच्या तोंडाकडं बघायच्या आणि हळदीचा लेप सांगायच्या, बस्स.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवम तीन वर्षांचा होता आणि मुक्ताबाई दुसऱ्यांदा सात महिन्यांची पोटुशी होती. बकरीचं एक पिल्लू गळ्यात दावं अडकून मेलं. दावं तिनं बांधलं होतं. बिभीषणानं तेच दावं मेलेल्या पिल्लाच्या गळ्यातून सोडवलं, दुहेरी केलं आणि तिला झोडपायला लागला. तिनं दोन्ही हात पोटावर धरले, तर त्यानं हातांवर मारलं. हात सुटले तशी लाथ बसली. पोर मेलेलंच निघालं. मुलगी होती. सासू चतुराबाईनं तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून नेलं, आणि चौथ्या दिवशी मुक्ताबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. यापेक्षा जास्त काही घडलं नाही, आणि त्याचाच या सांगणाऱ्याला जास्त संताप येतो.

चार महिन्यांनी काठी पुन्हा निघाली. कारण भाजीतलं मीठ. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली, डोळ्यांपुढं अंधारलं आणि मुक्ताबाईच्या पोटातून, जिथं पोर होतं तिथूनच, काहीतरी वर आलं. घोगऱ्या, जाड, पुरुषी आवाजात ती ओरडली, “बिभीषणा!”

तो आवाज ऐकून सगळ्यात जास्त ती स्वतः भ्याली. काठी वरच्या वर थांबली. तेवढ्यात चुलीपुढून म्हातारी चतुराबाई उठली, धडपडत आली आणि सुनेच्या पायावर पडली.

“आगं माय माय, नाव घेतलं! बायकू नवऱ्याचं नाव घील व्हय? आरं बिभीषणा, टाक ती काठी! आई आली आपल्या घरात!” तिनं देव्हाऱ्यातलं कुंकू मूठभर आणून मुक्ताबाईच्या कपाळाला फासलं.

काठी पडली. बिभीषणही पडला, पायावर.

चतुराबाईला खरंच तसं वाटलं होतं, का तिनं त्या घटकेला डोकं चालवलं, हे कुणाला कधी कळलं नाही. तिनं स्वतः चाळीस वर्षं मार खाल्लेला होता. पुढं दोन वर्षांनी ती मरायला टेकली तेव्हा सुनेला जवळ बोलावून म्हणाली, “तिला जपून ठिव. तिच्याबिगर ह्या घरात आपलं कुनी नाय.” एवढंच.

दुसऱ्यांदा देवी आली ती आपणहून आली नाही, मुक्ताबाईनं आणली. सुरुवातीला मान मुद्दाम फिरवावी लागायची. चार गिरक्या घेतल्या की पुढच्या आपोआप यायच्या. श्वास जाड व्हायचा, पाय हलके व्हायचे, आणि तोंडातून जे निघायचं ते तिनं ठरवलेलं असायचं, तरीही ते ऐकताना तिला नवल वाटायचं. त्यात खरं किती आणि खोटं किती? दुधात एकदा पाणी घातल्यावर ते वेगळं काढून दाखव म्हटलं तर गवळ्यालाही जमत नाही. तिनं तो नाद सोडून दिला.

देवीनं पहिल्यांदा मागितलं ते एवढंच: “बायकोवर हात उचललास तर तोच हात खांद्यापासून झडवीन.” बिभीषणानं देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि पाळली. मग देवी हळूहळू धीट झाली. तिनं पंखा मागितला. शिवमची शाळा मागितली. एका नवरात्रात तिनं घरामागं संडास बांधून मागितला, आणि देवीला संडास कशाला लागतो असं भक्तमंडळींतल्या एकानंही विचारलं नाही. पुढं पुढं गल्लीतल्या बायका मंगळवारी लिंबू, नारळ घेऊन यायला लागल्या. शेजारच्या पारूबाईच्या नवऱ्याला देवीनं असा काही झापला की त्यानं तीन महिने बाटलीला तोंड लावलं नाही. गल्लीतल्या चार पुरुषांचे हात तिनं एकटीनं बांधून ठेवले होते. पोलीस चौकीचा एवढा धाक कधी नव्हता.

आणि खरं सांगायचं तर त्या पाव तासात ती सुखी असायची. नुसती सुरक्षित नव्हे, सुखी. ज्याच्या पायांचा आवाज ऐकून ती दाराआड सरकायची, त्याला ती नाव घेऊन बोलवायची आणि तो यायचा. अंगात येऊन गेल्यावर ती गळून पडायची, बायका वारा घालायच्या आणि ती डोळे मिटून मनात म्हणायची, अजून थोडा वेळ.

बिभीषणही सुखी होता, हे कुणाला पटणार नाही. पूर्वी मारल्यावर त्याला झोप लागायची नाही. उठून बकऱ्यांत जाऊन बसायचा. आता आपला हात वरून कुणीतरी धरलाय, आपल्याला तो धरायची गरज नाही, या विचारानं तो गाढ झोपायचा.

असं हे वीसएक वर्षं चाललं. मग घरात सून आली.

ज्ञानेश्वरी फर्दापूरची. तिच्या बापाचं लेणी बघायला येणाऱ्यांसाठी चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं, आणि तिनं मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं होतं. शहरातल्या एका मनाच्या डॉक्टरकडं ती पेशंटची नावनोंदणी करायची. शिवमशी तिची ओळख मोबाईलवर झाली होती; तो कंपनीत पाळीनं जायचा, दिसायला बापासारखा, हसायला आईसारखा. सासूला ती आत्या म्हणायची. सहा महिने तिनं देवी पाहिली, हळदी-कुंकू वाहिलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. तिला दिवस जाऊन पाचवा महिना लागला तेव्हा एका दुपारी दोघी अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या.

“आत्या, एक विचारू? राग नका मानू.”

“इचार की.”

“देवी येते तेव्हा तुम्हाला सगळं कळत असतं ना?”

मुक्ताबाईनं दोन-तीन देठं मोडली. “कळतं बी आन नाय बी. काहून इचारायलीस?”

“आमच्या डॉक्टरांकडं अशा बाया येतात. डॉक्टर म्हणतात, जे एकट्याला सोसवत नाही त्याच्यासाठी माणूस एक मोठा बाप नाहीतर मोठी आई उभी करून ठेवतो. नसते ती. भ्रम असतो.”

“असंना भरम,” मुक्ताबाई म्हणाली. “हात खाली ऱ्हायला का नाय एकवीस वर्सं? तुझ्या डॉक्टरला म्हनाव, तू ठिवून दाखव.”

ज्ञानेश्वरी हसली, पण डोळे हसले नाहीत. “खाली नाही राहिला, आत्या. वर टांगून ठेवलाय. आणि तुमच्यामागं काय? माझ्या अंगात कोण येणार? मला तर शिवमला शिवमच म्हणायची सवय आहे. मी नाव घेतलं तर कोण भिणार?”

मुक्ताबाईनं भाजीची पाटी उचलली आणि आत गेली, पण त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ज्ञानेश्वरीच्या पोटाकडं बघितलं की तिला जुनं लुगडं आठवायचं. आणि घट बसायच्या आदल्या दिवशी शिवमनं बायकोला पहिली थप्पड मारली. डबा भरायला उशीर झाला म्हणून. गालावर चार बोटं उठली होती, बापासारखीच लांब. मुक्ताबाईनं ती बघितली आणि ठरवलं, अष्टमीला देवी बोलावायची आणि भरल्या आरतीत शिवमकडून शपथ घ्यायची. आपण आहोत तोवर हे बांधून टाकायचं. या पोटातलं पोर तरी जगलं पाहिजे.

अष्टमीला दिवस मावळताना गल्ली गोळा झाली. निम्मी माणसं कर्णपुऱ्याच्या यात्रेतून थेट आलेली, कपाळावर गुलाल, हातात पोरांच्या पिपाण्या, खेळणी. संबळ वाजायला लागला. मुक्ताबाई पाटावर उभी राहिली, मान फिरली, केस सुटले. इतक्या जोरात देवी कधी आली नव्हती असं पारूबाई नंतर सांगायची.

“शिवम्या! ये म्होरं!”

शिवम आला. ओठावर हसू होतं. मागं कुणीतरी मोबाईल धरून उभं होतं.

“पोटुशीवर हात टाकलास? त्याच हातानं भाकर खातोस? बोल! झडवू का हात? कुत्र्यागत तोंडानं खायला लावू?”

हसू गेलं. लहानपणी दाराआडून बापाला गुडघ्यावर येताना त्यानं किती वेळा पाहिलं होतं. ते पोर अजून त्याच्यात कुठंतरी होतं. तोही गुडघ्यावर आला.

“कापरावर हात धर. म्हन, ह्या हातानं बाईमानसाला मारनार नाय.”

बिभीषण भक्तिभावानं पुढं सरला. आरतीचं ताट त्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि लेकापुढं वाकला. वाकताना त्याच्या खांद्यावरचं उपरणं घसरलं, टोक कापरात पडलं. सगळ्यांचे डोळे शिवमच्या हातावर होते. पाटावरून फक्त मुक्ताबाईला दिसलं. जाळ उपरण्यावरून सरसर चढला आणि गळ्यापाशी आला.

“अवं! पेटलं की तुमचं उपरणं! टाका की खाली!”

आणि देवी पाटावरून उडी मारून खाली आली. नुसत्या हातांनी तिनं जाळ थापटून विझवला, उपरणं ओढून फेकलं आणि “भाजलं का वं कुठं? बघू,” म्हणत त्याची हनुवटी वर केली.

संबळ थांबला होता. एक पोरगं खुदकन हसलं. बिभीषण तिच्याकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता अजून, फक्त कुणी अंधारात पायाखालची पायरी काढून घ्यावी तसं काहीतरी. तिला कळलं. ती मागं झाली, मान फिरवली, “बिभीषणा!” म्हणून ओरडली. आवाज बारीक निघाला, बाईचा. तिनं पुन्हा प्रयत्न केला. कुणी खाली बघितलं, कुणी दाराकडं.

शिवमनं कापरावरचा हात मागं घेतला आणि पँटला पुसला. “कोन बोलायलं माय? देवी का तू?” म्हणाला आणि उठून निघून गेला. शपथ राहिली.

ज्या माणसानं तिचं पोर पोटात मारलं, त्याचा गळा भाजू नये म्हणून तिनं एकवीस वर्षांची ढाल फेकून दिली. लोक याला प्रेम म्हणतील. म्हणोत. मला ती सवय वाटते, आणि तिच्या जागी असतो तर तो जाळ आणखी चार बोटं वर जाऊ दिला असता. पण मी तिच्या जागी नव्हतो, आणि तिला विचार करायला वेळ मिळाला नव्हता.

दोन दिवस बिभीषण बकऱ्यांतच झोपला. गुरुवारी छावणीच्या बाजाराला गेला. तिथं त्याच्याआधी मोबाईलवरचा व्हिडिओ पोचला होता. कचरू नावाचा एक व्यापारी, वर्षानुवर्षं बिभीषणाला दबून असलेला, बकरीच्या आवाजात ओरडला, “अवं ऽ ऽ! पेटलं की तुमचं!” मग दुसरा ओरडला. मग बाजाराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत माणसं बकऱ्यांसारखी ‘अवं अवं’ करायला लागली. बिभीषणानं जनावरं तशीच सोडली आणि भर दुपारी घरी आला.

ज्ञानेश्वरी कामावर होती. बिभीषणानं आतून कडी लावली. काठी कोपऱ्यातच होती, एकवीस वर्षं तिचा उपयोग फक्त पत्र्यावरची माकडं हाकायला झाला होता.

“कितीक येळा?” त्यानं विचारलं आणि मारलं. “बोल, कितीक येळा खोटी आली?”

काठी मांडीवर बसली, पाठीवर बसली, मुक्ताबाई पडली तर बरगडीत टाच बसली आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. तो केसांना धरून तिला उचलायचा, विचारायचा आणि पुन्हा पाडायचा. एकवीस वर्षं तुंबलेलं होतं, ते सगळं आलं. भिंतीवर रक्ताचे थेंब उडाले. बाहेरच्या खोलीत शिवम बाजेवर पडला होता, त्याची पाळी रात्रीची होती. त्यानं उठून दार वाजवलं नाही. मोबाईलचा आवाज मोठा केला.

“त्या पयल्या येळी?” बिभीषण आता रडत होता आणि मारत होता. “ती पयली येळ तरी खरी व्हती का नाय? तेवढं सांग! तेवढं खरं हाय म्हन, सोडतो!”

“मला ठाव नाय,” मुक्ताबाई म्हणाली.

ते अगदी खरं होतं. त्याला ते उद्दामपणाचं वाटलं. त्यानं काठी दोन्ही हातांत धरली. तिनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि हाड कोपराच्या खाली दोन ठिकाणी मोडलं. मग तो दमला. देव्हाऱ्यातल्या देवीला त्यानं बोट लावलं नाही. तिच्यावर त्याचा राग नव्हता.

पारूबाईनं ज्ञानेश्वरीला फोन केला. ज्ञानेश्वरीनं रिक्षा आणली आणि सासूला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर झालं, तीन बरगड्यांना पट्टा बांधला. एक डोळा पुरता मिटला होता. ज्ञानेश्वरी घरी गेलीच नाही, पाच महिन्यांचं पोट घेऊन कॉटच्या खाली सतरंजीवर झोपली.

तिसऱ्या दिवशी, भेटायच्या वेळेला, बिभीषण आला. दाढी वाढलेली, गळ्यावर भाजल्याचा डाग. हातात पिशवी, तिच्यात नारळ आणि कुंकवाची पुडी. ज्ञानेश्वरी औषधं आणायला खाली गेली होती. तो स्टुलावर बसला.

“मुक्ते,” तो हळू आवाजात म्हणाला, “पुन्यांदा आन तिला.”

मुक्ताबाईनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं.

“मला ठाव हाय, तूच हायेस. तरी बी आन. नाव घिऊन बोलव मला, लोकांत बोलव, मी येतो गुडघ्यावं. मी भीन. खोटं असलं तरी भीन. नायतर तू मरशील माझ्या हातानं, मुक्ते. मला कळायलंय ते. माझ्यानं हा धरवत नाय.” आणि त्यानं आपला उजवा हात तिच्यापुढं धरला, डॉक्टरला दाखवावा तसा.

तिला त्याची दया आली, आणि दया आली याचा राग आला. तिच्या ध्यानात आलं, की सुनेचा डॉक्टर म्हणतो ती मोठी आई तिला जेवढी लागत होती त्याहून जास्त याला लागत होती. मोह झाला तिला. मान फिरवायला बरगड्या लागत नाहीत. एक हाक मारली की हा गुडघ्यावर, आणि ते पाव तासाचं सुख पुन्हा आपलं. पण आता तो हात जोडेल तो तिची परवानगी घेऊन, आणि मनातून उतरलं की सोडेल तेही त्याच्याच मर्जीनं.

“नाय यायची ती,” ती म्हणाली. “हात तुमच्या खांद्याला फुटलाय, माझ्या नाय. एकवीस वर्सं मी धरला. आता तुमचा तुमी धरा, नायतर तोडून टाका.”

तो कॉटच्या लोखंडाला कपाळ टेकून हुंदके द्यायला लागला. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात ज्ञानेश्वरी आली आणि तिच्या मागोमाग शिवम. तो खालून तिच्याशी भांडतच आला होता.

“घरी चल म्हनलं ना. तीन दिवस झाले, भाकर बाहीर खायलाव आमी.”

“खा,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मी त्या घरात येणार नाही, शिवम. आत्यासुद्धा नाही. पोर मला जिवंत पाहिजे.”

“शिवम म्हनती! नवऱ्याला!” त्यानं तिची वेणी धरली, मनगटाला एक पीळ दिला आणि तिला दाराकडं ओढलं. गोळ्यांची पिशवी फाटली. ती पोटावर दोन्ही हात धरून वाकली. शिवमचा दुसरा हात वर गेला.

बिभीषण स्टुलावरून अर्धवट उठला होता, पण तो लेकाकडं बघत नव्हता. तो मुक्ताबाईच्या तोंडाकडं बघत होता, हात जोडून. वाट बघत होता.

तिनंही बघितली वाट. क्षणभर आत कान लावला. पोटातून काही वर आलं नाही. आवाज जाड झाला नाही, पाय हलके झाले नाहीत. आत होती ती फक्त भीती, नवऱ्याच्या पायांचा आवाज ऐकल्यावर व्हायची तीच, घाणेरडी, ओली. तिनं पाय खाली टाकले. बरगडीत सुरी फिरल्यासारखी कळ आली. तीन पावलं तिला तीन कोसांसारखी लागली, आणि तिनं प्लास्टरचा हात उचलून शिवमच्या कानशिलावर घातला.

वेणी सुटली. शिवम कॉटवर आपटला. तिनं पुन्हा मारलं. प्लास्टर तडकलं, आतलं हाड सरकलं, तिच्या तोंडून किंकाळी फुटली आणि तरी तिनं तिसऱ्यांदा मारलं. त्याची भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. तो फरशीवर बसला होता, चोवीस वर्षांचा गडी, आणि वर बघताना त्याचं तोंड तीन वर्षांच्या पोरासारखं झालं होतं.

“माय...” तो म्हणाला. “आली का अंगात?”

“कुनी आलं नाय,” मुक्ताबाई धापा टाकत म्हणाली. “मीच हाय, तुझी माय. मला लई भ्या वाटायलंय. हे बघ, पाय लटलटायलेत. तरी बी पुन्यांदा उचल हात, पुन्यांदा मारीन.”

दारातून सिस्टर आणि शिपाई धावत येत होते. बिभीषण सवयीनं गुडघ्यावर आला होता, हात जोडलेले, डोळे मिटलेले. ती त्याच्याकडं वळली.

“उठा,” ती म्हणाली. “मानसं बघायलीत.”

आणि तिला उभं राहवेना, म्हणून तिनं ज्ञानेश्वरीचा खांदा धरला.